निघायच्या दिवशी धुणं नाही

अल्बनी, पश्चिम ऑस्ट्रेलिया
२ सप्टेंबर २०१८

प्रिय एनिड,

पोचले. पत्र लिहायला महिना लागला म्हणून फुगून बसू नकोस, तुझा चेहरा मला इथून दिसतो. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस विमानातून उतरतो एका दिवशी आणि अंगात परत येतो पंधरा दिवसांनी.

ग्रिम्स्बीचे ते सहा आठवडे मी रोज थोडेथोडे पुरवून खातेय. तुझ्या हातचा हॅडक मासा, माझ्या सिरिलच्या थडग्यावर आपण दोघींनी लावलेली फुलं, आणि त्या सुपरमार्केटात उभं राहून आपण भांडलो ती जागा. विणकामाची आपली खोली होती तिथे आता पाव नि साबण विकतात आणि तू त्या बिचाऱ्या पोरीला सांगत होतीस, "ह्या इथे माझी सुई टांगलेली असायची हो." तिला वाटलं तुला शिवणाची सुई हवीय. ट्रॉलरची जाळी हाताने विणून बोटांची सालं काढून घेतली, ते तिला कुठून कळणार!

निघताना तू दारात आली नाहीस. पाठ करून स्वयंपाकघरात बसलीस, हात हलवला नाहीस. धुण्याची टोपली भरून वाहत होती, तिला शिवली नाहीस. टॅक्सीत बसल्यावर मला भरून आलं. आपल्याकडे बोट निघायच्या दिवशी दारात येऊन निरोप देत नाहीत आणि घरात धुणं काढत नाहीत, धुतलं तर जाणारं माणूस वाहून जातं. मी काही मासेमारीला निघाले नव्हते, तरी तू पाळलंस.

आता तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. पेन्शनच्या दिवशी मी एवढी का हसत होते म्हणून तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा चहाचं आधण ठेवलं. ऐक. माझं पेन्शन २००१ साली इथे आले त्या दिवशी होतं तेवढंच आहे. आठवड्याला बहात्तर पौंड पन्नास. तुझं दर एप्रिलला वाढत एकशे पंचवीसच्या वर गेलं. माझं गोठलंय. ऑस्ट्रेलियाशी तसा करार नाही, म्हणून. पण मी ब्रिटनमध्ये पाऊल ठेवलं की ते वितळतं! कचेरीला कळवलं, आणि सहा आठवडे तुझ्याइतकं मिळालं. विमानात बसले, पुन्हा बहात्तर पन्नास. सहा आठवडे मी पुऱ्या किमतीची बाई होते, म्हणून हसत होते.

हेदरला यातलं काही माहीत नाही. माझ्या लेकीला वाटतं आईचंही पेन्शन सगळ्यांसारखं वाढतं. परवा कळलं की शाळेच्या कँटीनचं काम संपवून ती एका मोटेलात खोल्या झाडायला जाते. अठ्ठावन्न वर्षांची आहे ती, आणि कंबर धरून जिना चढते. मला सांगितलं होतं की नाचाच्या वर्गाला जाते. माझ्या दवाखान्याच्या विम्याचे पैसे त्यातून जातात. फोनवर तिच्याशी बोलशील तेव्हा जीभ आवर.

तुझी,
थेल्मा


ग्रिम्स्बी
१७ सप्टेंबर

थेल्मा,

प्रिय वगैरे नंतर. आधी मला सांग, सतरा वर्षं तू तोंडात काय धरून बसली होतीस? दर एप्रिलला मी तुला लिहायचे, "या वर्षी वाढ म्हणजे चिमणीचं खाणं, तुलाही तेवढीच मिळाली असेल," आणि तू लिहायचीस, "हो ना बाई." हो ना बाई! मनातल्या मनात मी तुला काय काय म्हटलं ठाऊक आहे का? माझ्या पंचाहत्तरीला आली नाहीस तेव्हा म्हटलं, परदेशात गेली नि कंजूष झाली. आता ते शब्द कुठे फेकू?

आपण एकाच सोमवारी कामाला लागलो. एकाच फळीपुढे उभ्या राहिलो, तू डावीकडे मी उजवीकडे, बत्तीस वर्षं. तुझ्या पेन्शनच्या कार्डावर लागला तोच शिक्का माझ्या कार्डावर लागला. आणि ती मेव्हिस क्रिब, जिच्या गाठी तू सोडून पुन्हा मारायचीस, ती स्पेनमध्ये पाय सोडून उन्हात बसलीय, तिला दर एप्रिलला वाढ घरपोच! का, तर स्पेनचा करार आहे. मेव्हिसच्या गाठी सुटायच्या गं. मासे बाहेर पडायचे.

मी काय म्हणते ते शांतपणे ऐक. तू येऊन गेलीसच आहेस. परत गेलीस हे त्यांना सांगायची घाई काय? माझ्या पत्त्यावर राहतेस म्हणून कागदावर राहू दे. सरकारने आपल्या तोंडाला पानं पुसली, आपण एकदा त्यांच्या पुसली तर आभाळ कोसळणार नाही.

आणि नुसतं कागदावर कशाला? मागची खोली रिकामी आहे. सकाळचं ऊन तिथेच येतं.

तू गेल्यावर तीन दिवस मी धुणं भिजवलं नाही. चौथ्या दिवशी उशीचा अभ्रासुद्धा उरला नाही तेव्हा हात घातला.

एनिड


अल्बनी
४ ऑक्टोबर

प्रिय एनिड,

तुझं पत्र वाचून हसले आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

नाही. खोटं मी लिहिणार नाही. मी परत पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी कचेरीला तसं कळवलंय. तू म्हणशील, भित्री. असेन. पण गेल्या सतरा वर्षांत माझ्याजवळ एवढीच एक गोष्ट उरलीय, की चूक त्यांची आहे, माझी नाही. ती मी पन्नास पौंडांना विकत नाही.

इथे लायब्ररीमागच्या हॉलमध्ये आमच्यासारख्यांची महिन्याला बैठक होते. शेफील्डचे एक पार्किन म्हणून आहेत, पूर्वी बस चालवायचे. त्यांनी जगाचा नकाशा लावलाय, वाढ मिळते तिथे हिरवी टाचणी, गोठतं तिथे लाल. अमेरिका हिरवी, कॅनडा लाल. त्या दोघांच्या हद्दीवर तो मोठा धबधबा आहे ना, त्याच्या एका काठावरच्या म्हाताऱ्याला वाढ आणि समोरच्या काठावरच्याला नाही. फिलिपिन्स हिरवा. आम्ही लाल. दर वर्षी आम्ही अर्ज पाठवतो, दर वर्षी उत्तर येतं की करार नाही म्हणून वाढ नाही. करार का नाही विचारलं तर म्हणे खर्च फार. पार्किन म्हणतात, "चला, निदान सभ्य भाषेत येतं." मग आम्ही बिस्किटं खातो. सुरुवातीला तीस जण होतो, आता अकरा उरलोय. बाकीचे काही वाढ मिळून गेले नाहीत.

इथलं पेन्शन मला नाही. व्हिसा घेताना मीच लिहून दिलंय की स्वतःच्या पैशावर राहीन. तेव्हा बहात्तर पन्नास पुष्कळ वाटायचे. आणि सिरिल गेल्यावर मला पेन्शनचा करार दिसत नव्हता, हेदर दिसत होती.

एक विचारायचं राहिलं. माझा हयातीचा दाखला अजून आलेला नाही. ते दर दोन वर्षांनी फॉर्म पाठवतात, आपण जिवंत आहोत असं लिहायचं आणि बाहेरच्या कुणा माणसाची साक्षीला सही घ्यायची. उन्हाळ्यात मी तुझा पत्ता दिला होता. चुकून तुझ्याकडे तर नाही ना आला तो? खाकी लिफाफा असतो.

थेल्मा


ग्रिम्स्बी
१ नोव्हेंबर

प्रिय थेल्मा,

इकडे थंडी सुरू झाली. गुडघे तुझी आठवण काढतात.

लिफाफ्याचं म्हणशील तर टपालात हल्ली काय कुठे जातं कुणाला कळतं? त्याची काळजी करू नकोस. व्हायचं ते होऊन गेलं असेल. अशा गोष्टी आपोआप मार्गी लागतात.

मागच्या खोलीला रंग दिला. म्हणजे दुकानातल्या माणसाने दिला, मी स्टुलावर बसून चुका काढल्या. फिकट पिवळा. मला तो पांढरा दिसतो, पण डब्यावर पिवळा लिहिलंय म्हणे. डोळ्यांचं काही विशेष नाही, वय झालं.

मनुकांचा पाव केला होता. दोन तुकडे करून एकच खायचा म्हणजे जिवावर येतं.

तुझी एनिड


अल्बनी
२० जानेवारी २०१९

एनिड,

नाताळच्या आधीपासून माझं पेन्शन बंद आहे. बहात्तर पन्नाससुद्धा नाही.

परवा कचेरीचं पत्र आलं, सोबत त्या दाखल्याची प्रत. त्यात माझं नाव आहे, माझी सही आहे, आणि ती मी केलेली नाही. थेल्मामधला 'टी' तू अजून तसाच काढतेस, डोक्यावर फास टाकून, विणकामाच्या खोलीत हिशेबाच्या पाटीवर काढायचीस तसा. सही रेघेच्या खाली घसरत गेलीय. साक्षीदार म्हणूनही तूच! "मी हिला साठ वर्षं ओळखते आणि ती चांगली जिवंत आहे." खाली तुझं नाव, तुझंच आडनाव, नातं नणंद! अगं, नातेवाइकाची साक्ष चालत नाही हे फॉर्मवर ठळक छापलंय. आणि राहण्याचा पत्ता? "ग्रिम्स्बी, कायमची." त्यांच्याकडे माझं पत्र आहे की मी ऑस्ट्रेलियात आहे. आता ते मला विचारतात की आपण कोण आणि कुठे आहात. हसावं की रडावं? कागदावर मी आधी लबाड झाले आणि मग मेले.

मी तुला सरळ विचारलं होतं. तू मला पिवळा रंग सांगितलास.

पत्र हेदरने उघडलं, त्यात २००१ पासून न हललेला माझा आकडाही होता. मी न्हाणीघरात होते, बाहेर आले तर ती टेबलाशी बसलेली, हातात कागद. म्हणाली, "सतरा वर्षं, आई?" मी म्हटलं, "चहा घेतेस?" तर ओरडली, "चहा गेला खड्ड्यात! रविवारचं मटण आवडेनासं झालं म्हणालीस. चष्म्याची काच फुटली तर म्हणालीस एका डोळ्याने बरं दिसतं. मी मूर्ख, मी मान्य केलं!" मी म्हटलं, "तू तरी नाचाच्या वर्गाला कुठे जात होतीस?"  त्या दिवशी मोटेलात जाताना तिने दार आपटलं नाही, हळूच लावलं. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

तर मी ठरवलंय. येते तुझ्याकडे. कायमची. तू लिहिलंस ते खरं करून टाकते म्हणजे प्रश्नच मिटला. पेन्शन पूर्ण मिळेल, दवाखाना फुकट, हेदरला त्या खोल्या झाडाव्या लागणार नाहीत. तिला सांगितलंय की कागदपत्रं निस्तरायला सहा आठवडे जाते. कायमचं म्हटलं तर सोडणार नाही ती. तिथे पोचल्यावर पत्राने कळवीन. पार्किननी तिकीट काढून दिलं, ६ मार्च. एका बाजूचं स्वस्त पडतं.

तुझ्यावर राग आहे, आणि तो घेऊनच येणार आहे. कपाटात जागा कर.

थेल्मा


ग्रिम्स्बी
५ फेब्रुवारी

प्रिय थेल्मा,

मार. ये आणि मला मार. पण आधी हे वाच.

लिफाफा सप्टेंबरात आला. तुझं पत्र वाचून माझं डोकं भणभणलेलं, त्यात तो. मी म्हटलं, बरा सापडलास. पण खरं सांगू? तुझी वाढ मिळावी म्हणून नाही केलं मी. तेही होतं, पण थोडं. तू उन्हाळ्यात त्या मागच्या खोलीत खोकायचीस आणि मला भिंतीतून ऐकू यायचं. चव्वेचाळीस वर्षांत या घरात दुसरं कुणी खोकलं नव्हतं. मला वाटलं, कागदावर एकदा 'कायमची' लिहिलं की पाय आपोआप मागून येतील. आणि बघ, आलेच की! येणार म्हणून लिहिलंस. मला आनंद व्हायला हवा होता. मी दोन दिवस जेवले नाही.

सही घसरली कारण रेघ मला दिसत नाही. डोळ्यांच्या मधोमध काळं झालंय. कडेकडेने दिसतं, हे पत्रही मान वाकडी करून लिहितेय. डॉक्टर म्हणतात वाढणार. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आता जे सांगते तेही कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या भावाला, सिरिललासुद्धा नाही. माझा वॉल्टर चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत गेला त्या दिवशीचं. नाताळात मला शब्द दिला होता की आता किनाऱ्यावरच काम धरतो. आणि तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, आणखी एकच खेप. का, ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला इतका राग आला थेल्मा, की तो बूट घालत होता आणि मी घरातल्या सगळ्या चादरी नळाखाली ओढल्या. मुद्दाम. त्याला दिसेल अशा. तो दारात थांबला, बघितलं, आणि गेला. बोटीवर बर्फ साचलं म्हणून ती उलटली, हे मला कळतं. मी खुळी नाही. चादरींनी बोट बुडत नाही. पण जाताना त्याने पाहिलं ते मला दिसतं, डोळे गेले तरी दिसणार. नंतर कळलं, उधार राहिलेलं घराचं भाडं फेडायला तो ती खेप करत होता.

म्हणून सांगते, हेदरपासून लपवून निघू नकोस. तू तिच्यासाठी जातेयस हे तिला कळणार नाही, तिला एवढंच कळेल की आई खोटं बोलून गेली. खरं सांग. मग ती म्हणाली जा, तर ये, खोली तयार आहे. नाही म्हणाली तर तिकीट फाड.

कचेरीला मी पत्र टाकलंय. शेजारणीकडून टाइप करून घेतलं. सही माझी, अक्कल माझी, थेल्माला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचा फोन आला, मुलगी बोलायला बरी होती. तुला नवा फॉर्म पाठवतील. बाहेरच्या माणसाची साक्ष घे. बंद झालेलं सुरू होईल. तेवढंच, बहात्तर पन्नास. मी तिला म्हटलं, "पोरी, हिच्या गाठी कधी सुटल्या नाहीत." ती म्हणाली, "मॅडम, तो रकाना नाहीये."

तुझी,
एनिड


अल्बनी
७ मार्च

प्रिय एनिड,

अक्षर मोठं काढलंय आणि जाड पेन वापरलंय. तरी दिसलं नाही तर शेजारणीला वाचायला सांग, लाज वाटण्यासारखं जे होतं ते आपण दोघींनी आधीच लिहून टाकलंय.

नवा फॉर्म आला. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी साक्ष दिली. माझ्याकडे चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "आहात जिवंत," आणि शिक्का मारला.

तुझं पत्र मी तीन आठवडे उशीखाली ठेवलं. हेदरला सांगायचं म्हणून रोज तोंड उघडलं आणि रोज हवापाण्याचं बोलले. जित्याची खोड. काल सकाळी, बुधवारी, निघायचा दिवस उजाडला तरी सांगितलं नव्हतं. ती कामावर गेली, दुपारी दोनला येऊन मला गाडीने पर्थच्या विमानतळावर सोडणार होती. बॅग दाराशी. मी आपली घरातून एक फेरी मारली.

न्हाणीघरामागे धुण्याचा ढीग होता. टोपली भरून जमिनीवर आलेला. कँटीनचे तिचे चारही एप्रन, रश्श्याच्या डागांसकट, टॉवेल, चादरी. मग आठवलं, सोमवारी ती डागाचाच एप्रन घालून गेली होती आणि मी विचारलं तर म्हणाली, "मशीन बिघडलंय." मी बटण दाबलं. मशीन सुरू झालं.

हेदर, एनिड! जी लहानपणी आपल्या दोघींना हसायची, म्हणायची समुद्राला काय माहीत तुमचं धुणं. तिने चार दिवस धुणं काढलं नव्हतं. सहा आठवड्यांसाठी जाणाऱ्या माणसासाठी कुणी चार दिवस पाळत नाही. तिला माहीत होतं. तिकीट एका बाजूचं आहे हे तिने कधीच बघितलं असणार, आणि माझा मान राखून गप्प राहिली होती. आमच्या घरात सगळ्या बायका गप्प राहण्यात पटाईत.

मी त्या ढिगाशेजारी स्टूल घेऊन बसले. तुझ्या खोलीचा विचार केला, सकाळच्या उन्हाचा, तुझ्या वाकड्या मानेचा. खरंच केला. रडलेही. तुला एकटी टाकतेय हे मला कळतंय, आणि त्याची भरपाई माझ्याकडे नाही. एवढं कर, पुढचा नाताळ इथे ये. तीन महिने राहा. मी पार्किनना विचारलंय, पाहुणी म्हणून आलीस तर तुझी वाढ कुणी अडवत नाही. डोळ्यांनी कडेकडेचं दिसतं ना? इथला समुद्र कडेनेच बघायचा असतो.

मोटेलचं आम्ही दोघी बघू. गाडी विकू म्हणतेय ती. सोपं जाणार नाही, माहीत आहे.

मग मी उठले. तू रागाने धुतलंस त्या दिवसाबद्दल मी काही बोलणार नाही, एवढंच सांगते की काल मी धुतलं. रागाने नव्हे. एप्रन, टॉवेल, चादरी, एकामागून एक चार घाणे, आणि मागच्या अंगणात दोऱ्या भरून वाळत घातल्या. हात दुखले. वारा चांगला होता.

दोनला हेदर आली. गाडीची किल्ली हातात घेऊनच मागे आली आणि दोऱ्यांपाशी थबकली. म्हणाली, "आई, हे काय केलंस? आज निघायचंय ना?"

मी म्हटलं, "धुणं काढलंय. निघायच्या दिवशी कुणी धुणं काढतं का?"

ती एका ओल्या चादरीत तोंड घालून उभी राहिली, खांदे हलत होते. मी जवळ जाऊन चिमटे नीट करत राहिले, दुसरं काय करणार. थोड्या वेळाने तिने दोरीच्या टोकाला बघितलं. माझा प्रवासाचा कोटसुद्धा मी धुतला होता. नाक ओढत म्हणाली, "हा लोकरीचा आहे, आई. वाळायला तीन-चार दिवस लागतील."

मी म्हटलं, लागू देत.

तुझी,
थेल्मा